दामू, घोडीला पाणी पिऊ दे

दामू, तू गेलास त्या दिवसापासून टिकलीनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. हे तुला सगळ्यात आधी सांगतोय, कारण तुझे गुण गायला अख्खं गाव पडलंय. तुझ्या दारात माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, 'लई चांगला मानूस' म्हणतात आणि टोपी सारखी करून उठतात. मला त्यांच्यात बसवत नाही. तू काही लई चांगला-बिंगला नव्हतास. हट्टी होतास. थापाड्या होतास. पोटात कावळे ओरडत असले तरी 'आत्ताच दोन भाकरी हाणल्या' म्हणून छातीठोक सांगायचास. आणि जाताना माझ्या गळ्यात अशी घोडी बांधून गेलास, की जी तहानेनं मरेल पण माझ्या हातचं पाणी पिणार नाही. मला तुझा राग येतो रे. आधी राग येतो, मग रडू येतं, मग रडवलंस म्हणून पुन्हा राग येतो.

तुमच्या घरात मेंढरं होती तोवर तुझ्या घरच्यांचे पाय कधी एका गावात ठरले नाहीत. मग माळ फुटले, जिकडं-तिकडं ऊस झाला, मेंढरांनी चरायचं कुठं? तुझ्या वडलांनी कळप विकला. बिऱ्हाड वाहणारी घोडी तेवढी ठेवली, कारण तिला विकायचं म्हटलं की ते जेवायचेच नाहीत. त्या घोडीची नात ही टिकली. कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. ती जन्मली तेव्हा तिचे पाय तू धरले होतेस आणि कंदील मी. तू अंथुर्ण्याच्या फाट्यावर सायकलीचं दुकान टाकलंस, तुझ्या घराला गोठा नव्हता म्हणून टिकली माझ्या उसाच्या बांधावरच्या गोठ्यात आली. घोडी कुणाची, असं लोक विचारायचे. मी म्हणायचो माझी, तू म्हणायचास तुझी, आणि दोघंही खरंच बोलत होतो.

तुझी एक गोष्ट मला शेवटपर्यंत कळली नाही. जन्म घोड्यांच्या पायाशी गेला, पण तू कधी पाठीवर बसला नाहीस. "बस की गड्या एकदा," म्हटलं की तू कानाला हात लावायचास. "आमच्यात घोड्यावर बिऱ्हाड बसतं, मानूस न्हाय. मानसानं फुडं चालायचं." मग मी वर बसलो आणि तू पुढं गेलास. आपलं सगळं आयुष्य ह्या एका वाटणीवर चाललं.

कऱ्हाटी ते निरवांगी. थंडीच्या दिवसांतली ती लांबची रपेट. लोक तिला शर्यत म्हणतात, पण ती पळायची नाही, टिकायची. पहाटे कऱ्हाटीतून सुटायचं, बारामती मागं टाकायची, कालव्याच्या कडेनं, उसाच्या फडांमधून अंथुर्ण्यावरून पार नीरेच्या काठाला निरवांगीत उतरायचं. पहिलं कोण आलं ह्याला तिथं निम्मीच किंमत. आल्यावर घोडं पंचांपुढं उभं करायचं. त्याचा श्वास खाली बसला पाहिजे, खूर तपासून घ्यायचे, आणि सगळ्यांच्या देखत त्यानं पाणी प्यायला पाहिजे. "घोडं पानी प्यालं तर नंबर, न्हायतर रामराम," असं तिथले म्हातारे पंच, आबा, दरवर्षी सुरुवातीलाच खणखणीत आवाजात सांगायचे. घोडं मारून आणणाऱ्याला फेटा नाही.

एवढी वाट एकट्यानं होत नाही. म्हणून प्रत्येक स्वाराचा एक माणूस वाटेवर असतो. तो पुढं जाऊन ठरलेल्या जागी उभा राहतो. घोडं आलं की खोगिराचा तंग सैल करतो, ओलं गोणपाट मानेवर टाकतो, खुरांतला चिखल-खडे काढतो, पाणी पाजतो, आणि घोडं निघालं की आडवाटेनं पुन्हा पुढं. माझा वाटेवरचा माणूस तू. सायकलच्या हँडलला बादली, मागं चंदीच्या दाण्यांचा तोबरा, आणि उसाच्या ट्रॉलीची साखळी धरून तू माझ्या आधी पुढच्या जागी हजर. कसा पोचायचास ते तुझं तुला ठाऊक.

आता तुझ्या त्या शीळ घालण्याबद्दल बोलू, ज्याच्यावरनं आपण इतकी वर्षं भांडलो. एका साली कुणाच्या तरी घोड्याला वाटेत पाण्यातून काहीतरी दिलं, असं उठलं. खरं-खोटं देव जाणे, पण ते घोडं झिंगल्यासारखं चालत आलं आणि निरवांगीत बसलं ते उठलंच नाही. त्या दिवसापासून वाटेवरच्या माणसांनी आपापल्या घोड्याला परक्याचं पाणी तोडलं. कुणी बादलीवर टिचकी मारायचा, कुणी घोड्याच्या कानात काही पुटपुटायचा. ती खूण झाल्याशिवाय घोडं पाण्याला शिवायचं नाही. तुझी खूण म्हणजे शीळ. बैलाला पाणी दाखवताना आपण घालतो तशीच, पण मध्येच तुटणारी, दम घ्यायला थांबून पुन्हा उचललेली. तू टिकलीला असं शिकवलंस की ऐन उन्हाळ्यात भरलेली बादली नाकापुढं ठेवली तरी ती मान फिरवायची. जत्रेत आपण लोकांशी पैजा लावल्या. मीही छाती काढून सांगायचो, "आमची घोडी उपाशी मरंल, पर दुसऱ्याचं पानी पिनार न्हाय." आम्ही सगळेच असे शहाणे.

पण मला भीती वाटायला लागली होती, आणि मी ती तुझ्या दुकानात बसून तुला सांगितलीही होती. तू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतास.

"आरं, माझ्या हातचं तरी पिऊ दे की तिला. मी काय परका हाय व्हय?"

"तू वर बसनारा. वर बसनाऱ्याला घाई असती. घाईचं पानी घोड्याच्या पोटात दुखतं."

"आन् उद्या तू नसलास म्हंजी?"

"मी कुठं चाललोय? अंथुर्णं सोडून मला कोन घेतंय?"

"मला शीळ तरी शिकव."

"तुला?" तू ट्यूब सोडून हसायला लागलास. "बैलानं तुझं फुडचं दात पाडलं तवाच तुझी हवा गेली. तुझी शीळ म्हंजी निव्वळ पंक्चर!"

दुकानात बसलेले सगळे खिदळले आणि मीही हसलो. ते भांडण दरवर्षी तिथंच तुटायचं.

तुझे उपकार मी कधी तोंडानं बोललो नाही. बोललो असतो तर तू 'याड लागलं का?' म्हणाला असतास. पण धुक्यात त्या उसातून जाताना कसं वाटतं, हे वर न बसलेल्या माणसाला ठाऊक नसतं. दोन्ही बाजूला ऊस डोक्याच्या वर. घोडीचे कान तेवढे दिसतात, त्यापुढं सगळं दूध. आपल्याच टापा कुठूनतरी मागून आल्यासारख्या वाटतात. फडात काहीतरी सळसळतं, कोल्हा असेल, रानडुक्कर असेल, म्हणावं आणि पुढं जावं. अशा वेळी समोरून तुझी ती तुटकी शीळ यायची. टिकलीचे कान उभे राहायचे आणि माझ्या छातीवरचा दगड उतरायचा. मला वाटायचं, पुढं दामू आहे म्हणजे पुढं रस्ता आहे. एवढ्या भरवशावर मी डोळे मिटूनसुद्धा बसलोय, तुला सांगितलं नाही कधी.

ह्या साली धुकं फार होतं. बारामती ओलांडल्यावर कालव्याच्या पुलाजवळ तू उभा होतास. थंडीनं माझे ओठ फुटले होते आणि तुझ्या कपाळावरून घाम निथळत होता.

"दाम्या, घाम कसला रं?"

"सायकल जड चाललीया. चेन कोरडी पडली असंल."

"खाल्लंस का काय?"

"दोन भाकरी हाणल्या."

मला माहीत होतं ते खोटं आहे. पण ते तू दर वेळी बोलायचास, मग त्यात नवीन काय होतं? डावा पुढचा, डावा मागचा, मग वळसा घालून उजवा मागचा, उजवा पुढचा, असे तू खूर उचललेस, साफ केलेस, शीळ घालून पाणी पाजलंस. अंथुर्ण्याच्या अलीकडच्या थांब्यावरही तेच. तिथं तू खांदा चोळत होतास. धुकं निवळलं होतं, ऊन वर आलं होतं.

"फुडं कालव्याची चारी फुटलीया. वाटंवर सगळा चिखल झालाय," तू म्हणालास. "हळू ने तिला. त्याच्या फुडं बाभळीखाली हुबा हाय मी."

मी टाच मारली. तू ट्रॉलीच्या साखळीला हात घातलास. एवढंच. एवढ्यावर आपलं बोलणं संपलं, दामू, आणि त्यात एक शब्दसुद्धा कामाशिवायचा नव्हता.

चिखल तू म्हणालास तसाच होता. काळ्या रानातला, पायाला धरला की सोडत नाही असला. टिकलीचे चारी खूर गच्च भरले. ती जड पाय टाकत चिखलातून वर आली आणि मी बाभळीकडं बघितलं. बाभळीखाली कुणी नव्हतं. सायकल नव्हती, बादली नव्हती. भर दुपार, वारा पडलेला, उसाचं एक पान हलत नव्हतं. मी ओरडलो, "दाम्या! कुठं मेलास रं?" आपण रोजच असं ओरडतो एकमेकांना. आता ते आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

टिकली मात्र थांबली. मी लगाम खेचला नव्हता. ती बाभळीखाली नेहमीसारखी आडवी उभी राहिली, कान पुढं केले आणि नाकातल्या नाकात हसली, तुला बघून हसायची तशी. मग तिनं डावा पुढचा पाय उचलला. उचलून तसाच धरला. घोडं आपण होऊन पाय उचलतं, पण लगेच टेकवतं. हा मात्र कुणी धरून ठेवल्यासारखा अधांतरी राहिला, मग हळूच खाली आला. मग डावा मागचा. मग थोडी सवड, माणूस वळसा घालून पलीकडं जाईल एवढी, आणि उजवा मागचा. उजवा पुढचा. मी वर बसून होतो. माझ्या मांड्यांना तिच्या अंगाची हालचाल कळत होती. दामू, उतरायचं धाडस मला झालं नाही, खरं सांगतो.

मग तिनं मान खाली घातली. पाणी पिताना घोड्याचे कान घुटक्यागणिक हलतात, हे तूच मला दाखवलं होतंस. तिचे कान हलत होते. मध्येच ती थांबली, जिथं तुझी शीळ तुटते तेवढ्यासाठी, आणि पुन्हा कान हलायला लागले. मला वाटलं खाली डबकं असेल, चारीचं पाणी आलं असेल. पिऊन झाल्यावर तिनं मान वर केली, फुरफुरली आणि आपली आपण चालायला लागली. मी तुला शिव्या घालत निघालो. म्हटलं, पंक्चर काढत बसला असेल कुठंतरी, पंक्चरवाल्याचीच सायकल पंक्चर.

निरवांगीत आम्ही पहिले पोचलो. आबांनी टिकलीचा पाय उचलला आणि माझ्याकडं बघितलं.

"फुटक्या चारीतनं आलास न्हवं?"

"व्हय आबा."

"मग खूर कुनी काढलं? पुसल्यावानी साफ हायती."

मागून आलेल्या घोड्यांचे खूर अजून चिखलानं लडबडलेले होते. रपेटीला आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पुढची वाट कोरडी आहे, चालता चालता ढेकळं गळून पडतात. असेल. आबांनी पाण्याची पाटी पुढं केली. टिकलीनं वास घेतला आणि मान फिरवली. मी पाणी हातानं तिच्या ओठांना लावलं. तिनं ओठ मिटून घेतले, आत्ताच पोटभर प्यालेल्या घोड्यासारखे. लोक थांबले, थांबले आणि हसायला लागले. "दामूला बलवा," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात दुधाचा टेम्पोवाला आला. तो हसत नव्हता.

तू अंथुर्ण्याच्या पुढं कालव्याच्या भरावावर पडला होतास. ऊस तोडणाऱ्या बायकांनी तुला बघितलं. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, तुला उचललं, पण उचलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. टिकली चिखलात शिरायच्या कितीतरी आधीच तू गेला होतास, असं सगळे म्हणाले. बादली भरावावर नीट सरळ ठेवलेली होती, काठोकाठ भरलेली. छातीत कळ आली तेव्हा आधी बादली ठेवलीस आणि मग पडलास, होय ना रे? सांडली असती तर काय बिघडलं असतं, लेका?

तुला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या बाभळीखाली गेलो. डबकं नव्हतं. जमीन कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. बुंध्याशी, घोड्याच्या पायात येणार नाही अशा बाजूला, काळ्या चिखलाची चार ढेकळं पडली होती, खुराच्या आकाराची. तू काढून तशीच बाजूला टाकायचास. मी ती पायानं सारली नाहीत, हातातही घेतली नाहीत. कुणाला सांगितलंही नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, आणि तेही तुलाच, म्हणजे तुला ठाऊक असलेलंच.

मग ते दिवस सुरू झाले. दुपार झाली की टिकली चरायची थांबायची. उसातून गोठ्याकडं येणाऱ्या वाटेकडं तोंड करायची. कान पुढं. नाकातल्या नाकात हसायची. डावा पुढचा, डावा मागचा, सवड, उजवा मागचा, उजवा पुढचा. मग मोकळ्या जमिनीकडं मान खाली घालून प्यायची. घुटके घशातून उतरताना दिसायचे. शेजारी माझी भरलेली बादली तशीच. माझ्या बायकोनं, सुमननं, हे दारातून बघितलं आणि पदर तोंडावर धरला. "आवो, ती कुनाचं तरी ऐकतीया," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती दुपारची गोठ्याकडं फिरकली नाही.

मला तुझी भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. वाटली. पण त्याहून मोठी भीती घोडीची होती. कारण तू जे पाजत होतास ते तिच्या पोटात उतरत नव्हतं, दामू. तिच्या डोळ्यांना ते पाणी वाटत होतं, मनाला पाणी वाटत होतं, पण हिरड्या कोरड्या पडल्या होत्या. मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर तसंच उभं राहायचं. भिजवलेला लसूणघास आणि उसाचं वाढं खायची, त्यावरच तगली. डॉक्टरांनी सलाईन लावली, दोनदा नाकातून नळी घातली. तिसऱ्यांदा घालताना तिनं झटका दिला आणि रक्त आलं. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "आता आपन होऊन प्याली तर वाचंल. आतडी वाळली तर पोटशूळ उठंल, मग हातात काय न्हाय."

मी तुझ्याशी बोललो. भर दुपारी, रिकाम्या गोठ्यात, येड्यासारखा. म्हटलं, "दाम्या, बास कर. तू लाडानं पाजतोस, पर ती मरतीया." म्हटलं, "तुझं काम झालं. जा की आता." शिव्याही दिल्या, तुला त्याच कळतात म्हणून. आणि ओठांचा चंबू करून शीळ घालून बघितली. फुस्स. टिकलीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचे कान माझ्या पलीकडं लागले होते. मी मागं वळून बघितलं. वाट रिकामी होती, पण ती मला रिकामी वाटली नाही.

पाचव्या दिवशी मी तिला धरलं आणि तुझ्या दारात घेऊन गेलो. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. तिला चालवत नव्हतं, चार पावलं टाकून उभी राहायची. तुझे थोरले चुलतभाऊ, तात्या, अंगणात बसले होते, भेटायला आलेली माणसं होती. टापांचा आवाज ऐकून तुझी बायको, माझ्या हिरावहिनी, आतून बाहेर आल्या. तू गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. बायका त्यावरनं कुजबुजत होत्या.

"भावजी, हिला हितं का आनलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ढेकळं सोडून. वहिनींनी टिकलीच्या तोंडाकडं बघितलं नाही. तिच्या डाव्या अंगाला बघत राहिल्या, जिथं तू उभा राहायचास तिथं, मोकळ्या जागेकडं.

"ते ह्याच बाजूला हुबं ऱ्हायचं न्हवं?"

"व्हय वहिनी."

ऊन डोक्यावर आलं होतं. टिकलीनं कान पुढं केले. नाकातल्या नाकात हसली. माणसं बघत होती आणि तिनं डावा पुढचा पाय उचलून अधांतरी धरला. कुणीतरी 'रामा रामा' म्हणालं.

वहिनी घरात गेल्या आणि पाण्यानं भरलेली बादली घेऊन आल्या. ती तिच्यापुढं ठेवली, डाव्या अंगाला सरकल्या आणि कुणाशी तरी बोलावं तसं बोलल्या, सावकाश, भांडण नसल्यासारखं. "आवो, पाय सोडा तिचा. लई केलं तुमी. आता हिचं हिला पिऊ द्या." आणि त्यांनी शीळ घालायला ओठांचा चंबू केला.

तात्या उठून उभे राहिले. "हिरा! बाईमानसानं शीळ घालू नये. घरात सुतक हाय."

"सुतक हाय म्हनूनच घालती," वहिनी म्हणाल्या.

दामू, ती तुझी शीळ होती. तुझ्यासारखी नव्हे, तुझीच. तीच वर चढायची, तिथंच तुटायची, दम घेऊन तशीच पुन्हा उचलायची. मी इतकी वर्षं तुझ्यापुढं तोंड वेंगाडून बसलो आणि ही बाई कधी शिकली? नंतर त्यांनीच सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून ऐकत होत्या. रानात एकट्या असल्या की घालून बघायच्या. तू एकदा उसाआडून ऐकलंस आणि पलीकडून तीच शीळ घातलीस. मग तुमचं ते रोजचंच झालं, तू कालव्यावरून घालायचास आणि त्या फडातून. मला तू कधी कळू दिलं नाहीस. बरं केलंस. सगळंच मला कशाला कळायला पाहिजे?

टिकलीनं पाय टेकवला. त्यानंतरचा पाय उचलला नाही. ती डावीकडं बघत उभी राहिली, कितीतरी वेळ, आणि तिच्या अंगातून थरकाप गेला. वहिनींची शीळ चालूच होती. मग टिकलीनं मान खाली घातली आणि बादलीत तोंड बुडवलं. पाण्याचा आवाज आला. खरा आवाज, ओढून घेतल्याचा, अंगणभर ऐकू येणारा. बादली तळाला गेली. तात्यांनी स्वतः दुसरी भरून आणली. तीही गेली. मी तिच्या मानेला मिठी मारली आणि घुटके माझ्या गालाला लागत होते. माझं मन आनंदानं नुसतं भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू?

घोडी पिऊन झाली तरी वहिनींची शीळ थांबली नाही. त्या आता घोडीकडं बघत नव्हत्या. फाट्याच्या रस्त्याकडं तोंड करून घालत होत्या, दम संपेपर्यंत. मग ओठांतून नुसती हवा यायला लागली आणि त्या तिथंच मातीत बसल्या आणि रडल्या. बायका धावल्या. तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. वहिनी मला म्हणाल्या, "घोडीला न्हाय भावजी, त्यास्नी घातली. म्हनलं, हितं थांबू नगा. जावा आता, फुडं जावा."

हे काल झालं. काल संध्याकाळी टिकली गोठ्यात परत आली, सुमनच्या हातचं पाणी प्याली, माझ्या हातचं प्याली. सकाळी दुधाची घागर उघडी राहिली तर त्यातही तोंड घालायला निघाली. डॉक्टर म्हणतात, धोका टळला.

आज दुपारी मी गोठ्यात जाऊन बसलो. जेवलो नाही, सुमन हाका मारत राहिली. ऊन डोक्यावर आलं. टिकली वाढं खात होती. तिनं कान हलवले ते माशा उडवायला. वाटेकडं तिनं बघितलं नाही. पाय उचलला नाही. मी वाकलो आणि तू मारायचास तशी तिच्या डाव्या पायाला थाप मारली. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागली. मी उसातल्या त्या वाटेकडं बघत राहिलो, ऊन उतरेपर्यंत. एवढे दिवस मी तुला 'जा, जा' म्हणत होतो, दामू. आज पहिल्यांदा 'थांब रे जरा' असं तोंडातून निघालं, आणि थांबायला तिथं कुणी नव्हतं.